आधी तुमचं होऊ दे

शालन,

आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तोवर मी तुला नीट जेवताना बघितलं नव्हतं. हे वाक्य लिहून मी पुन्हा तपासलं. बरोबर आहे. लग्नकार्यात तू बायकांच्या पंगतीत असायचीस, मी पुरुषांच्या. हॉटेलात गेलो तर तू आपल्या लहानग्या स्नेहलला भरवायचीस आणि मग तिच्या ताटात उरलेलं संपवून 'भरलं पोट' म्हणायचीस. घरात आधी मी आणि आई, मग स्नेहल, आणि सगळं झाकपाक झाल्यावर स्वयंपाकघरात पाटावर तू. मधेच कधी पाण्याला उठलो तर तुझी पाठ दिसायची.

"आधी तुमचं होऊ दे, मी बसतो की मागनं."

आपल्या कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी बसतो, मी जेवलो' असंच म्हणतात आणि बाहेरची माणसं हसतात. तुझी ती शुश्रूषा करणारी नर्स लातूरकडची होती. तिनं "काकू, जेवलात का?" विचारलं की तू म्हणायचीस, "जेवलो की." ती हसायची, मग तूही हसायचीस. पण ते नंतरचं. आधीचं असं की 'जेवलो की' हे तू म्हणायचीस आणि ते खरं धरण्यापलीकडे आम्हाला काही माहीत नसायचं.

त्यामुळं तुझं दुखणं पहिल्यांदा दिसलं ते माझ्या बहिणीला, अक्काला. तिच्या मुलाच्या लग्नात ती पंगतीत तुझ्या शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "वैनी, घासाघासाला पाणी का पितीयास?" तू म्हणालीस, "भात कोरडा हाय." अक्का हात धुवून थेट माझ्याकडं आली. "इलास, भात कोरडा नव्हता. रश्श्यात कालवून पार पातळ केलाता तिनं. तरी उतरंना."

घरी येऊन विचारल्यावर तू सांगितलंस. कित्येक महिने भाकरी आमटीत भिजवून तिचा काला करून खात होतीस. आधी भाकरी अडकायची, मग भात. "आपोआप जाईल म्हटलं." मी चिडलो. म्हणालो, आपण समोरासमोर जेवत असतो तर मला पहिल्याच आठवड्यात दिसलं असतं. तू ताड्‌कन म्हणालीस, "दिसून काय केलं असतंसा? माझ्या वाटचं तुमी गिळलं असतंसा व्हय?"

या भांडणाचा निकाल लागला नाही. नंतरही अधूनमधून तू ते उकरून काढायचीस, कधी मी. आता ते माझ्याकडं राहिलं.

दुर्बीण घालून तपासलं. अन्ननलिकेत गाठ होती. आधी केमो आणि रेडिएशनचे शेक झाले, मग ऑपरेशनचं ठरवायला आपण सर्जनसमोर बसलो. तुला आठवत असेल, त्यांनी कागदावर चित्र काढलं. ही अन्ननलिका जवळजवळ सगळी काढायची. मग जठर कापून, शिवून त्याची अरुंद नळी करायची, ती छातीतून वर ओढून घ्यायची आणि मानेत वरच्या टोकाला जोडायची. माझा आयुष्यभराचा धंदा शिरोलीच्या फाउंड्रीत लोखंडाची ओतीव कास्टिंग मापून पास-नापास करायचा. मी विचारलं, नळी किती रुंद? ते म्हणाले, चार-पाच सेंटीमीटर. भिंतीची जाडी? जोडाला ताण किती पडतो? रक्तपुरवठा वरच्या टोकापर्यंत पुरतो का? ते सगळं सांगत गेले. जोड गळू शकतो, आवाज बसू शकतो, न्यूमोनिया होऊ शकतो, आणि काही माणसं वाचत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. चांगला माणूस. काही लपवलं नाही.

तू एकच विचारलंस. "भाकरी खायला येईल न्हवं?"

"येईल. पण चतकोर. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं, ताठ बसून, सावकाश. तुमची पोटाची पिशवी आता पिशवी राहणार नाही, नळी होणार."

बाहेर बाकावर बसल्यावर तू माझ्याकडं बघितलंस. "तुमी काय म्हंतासा?"

मी म्हणालो, "करूया."

तू म्हणालीस, "बरं."

तुझ्या 'बरं'ला मी बत्तीस छटा असतील असं धरत आलो होतो. भाजी आणायची आठवण केल्यावरचं वेगळं, आईनं टोचून बोलल्यावरचं वेगळं. हे कुठलं होतं ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. ऑपरेशनची तारीख घेतली.

त्या दिवसाचं मी फार लिहीत नाही. तू आत होतीस, आम्ही बाहेर. सकाळी नेलं, दिवेलागणीला सर्जन बाहेर आले, मास्क गळ्यात, आणि म्हणाले, "नळी छान वर आली." मला ते 'छान' फार आवडलं. आमच्या कामात कुणी छान म्हणत नाही, ओके म्हणतात.

मग पोटात नळी घालून त्यातून तुला दूध, औषध. तोंडानं काही नाही. जोड गळत नाही याची खात्री करायला रंग पाजून फोटो काढला, आणि मग तुला चमचाभर पाणी दिलं. तू ते तोंडात धरून ठेवलंस. नर्स म्हणाली, गिळा काकू. तू गिळलंस, डोळे मिटलेस आणि घोगऱ्या आवाजात म्हणालीस, "गार लागलं. कुठवर गेलं ते कळलं."

दुसऱ्या दिवशी तू विनोद केलास तेव्हा मला वाटलं, आता ही घरी येते. मी तुला म्हणालो होतो की डॉक्टर खूश आहेत, सगळं ठीक आहे. तू माझा चेहरा बघितलास. "तुमचं पोट एका जागी नि ओठ एका जागी, तुमचं चालतंय. माझं पोट आता ओठाला येऊन लागलंय. पोटात एक नि ओठात एक असलं काय मला आता जमायचं न्हाई. खरं काय त्ये सांगा." मी सांगितलं. गाठीजवळच्या दोन ग्रंथींत रोग सापडला होता. तू म्हणालीस, "हां. आता बोललासा."

खरी लढाई घरी आल्यावर सुरू झाली. मी स्वयंपाकघरात ठेवायचा काटा आणला. चतकोर भाकरी किती ग्रॅम, वाटीभर मऊ भात किती, मोजून ताट लावायला लागलो. तू म्हणालीस, "मला काय तुमचं कास्टिंग समजलासा? बघा, रिजेक्ट करू नका म्हंजे झालं." साखर कारखान्याचा हंगाम चालू होता, आपल्या बावड्यात सगळीकडं मळीचा वास, आणि त्या वासानं तुला उमळायचं. खिडक्या बंद करून बसायचो. पण वास हे खरं कारण नव्हतं, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

खरं कारण तुझं तेच. "आधी तुमचं होऊ दे." सून म्हणून आलेल्या घरात सासूच्या आधी, नवऱ्याच्या आधी, भल्या सकाळी, परत दहाला, परत बाराला ताट घेऊन बसायची तुला लाज वाटायची. म्हणून तू दाराआड उभ्यानं दोन घास कोंबायचीस. उभ्यानं, घाईनं, न चावता. ते छातीत अडकायचं, मग मोरीत जाऊन उलटी. वजन उतरायला लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर पोटात परत नळी घालावी लागेल. त्या नळीचा तुला किती तिटकारा होता. तरी दाराआडच.

मी समजावलं, ओरडलो, आकडे दाखवले. एका दुपारी उलटी करून आल्यावर तू भिंतीला टेकून खाली बसलीस आणि अगदी सावकाश विचारलंस, "ह्ये कुणासाठी केलं? माझ्यासाठी का तुमच्यासाठी?"

मी म्हणालो, "तुझ्यासाठी. आणि कुणासाठी?"

तू म्हणालीस, "बरं."

त्यानंतर मी त्या प्रश्नाकडं कधी वळलो नाही. तूही पुन्हा विचारलं नाहीस. पण तो आपल्या घरात होता. मी भाकरी मोजत असताना तू मला बघायचीस, तेव्हा तो असायचा.

तुला वाचवलं ते शेवटी माझ्या आकड्यांनी नाही, आईनं. त्या दिवशी मी सुट्टी घेतली होती म्हणून मला ते बघायला मिळालं. तू आईचं ताट वाढून आत निघालीस. आई म्हणाली, "शालन, हिकडं ये. बस."

"तुमचं होऊ दे आधी, आत्ती."

"माझं व्हायचं न्हाई. तू बसल्याबिगर मी घास मोडणार न्हाई."

"असं काय करतासा? तुमाला शुगरची गोळी घ्यायची असती."

"घेतली मगाशीच. आता उपाशी राहिलो की मला घेरी येती, ह्ये डॉक्टरनं तुझ्यासमोर सांगितलंय. बघ आता तूच."

"आत्ती!"

"वरडतीस काय? ताट घे."

तू माझ्याकडं बघितलंस, मी आईकडं बघितलं. आई हात मांडीवर ठेवून देवळातल्या दगडासारखी बसली होती. तू ताट घेऊन आलीस तेव्हा ती म्हणाली, "ह्या घरात आलीस तवा मीच तुला शिकवलतं, बायकांनी मागनं बसायचं म्हणून. मी शिकवलेलं मीच मोडतो. दुसरं कोण मोडाय आलं असतं तर मी भांडलो असतो."

तू नव्या नवरीसारखी अंग चोरून, पदर पुढं घेऊन बसलीस. पहिला घास घेतलास. आई थांबली होती, मी थांबलो होतो. तू वैतागलीस. "दोघंबी माझ्या नरड्याकडं काय बघायलायसा? जेवा की!"

मग आम्ही जेवलो. तिघं. समोरासमोर. तुझा घास पोटात राहिला. उलटी झाली नाही.

तेव्हापासून आपलं घर तुझ्या गळ्याच्या तालावर चालायला लागलं. तुला जेवणानंतर बराच वेळ आडवं व्हायचं नाही, म्हणून रात्रीचं जेवण सात वाजता. शेजारचे विचारायचे, "कोंबड्यांसंगं झोपता काय?" आईला वेळेवर जेवण मिळायला लागल्यामुळं तिची साखर आटोक्यात आली. मी जेवायला दहा मिनिटं घ्यायचो, मला तुझ्याबरोबर अर्धा तास बसायची सवय लागली. आणि त्या अर्ध्या तासात मला कळायला लागलं की मी ज्या बाईशी पंचवीस वर्षं संसार केला ती जेवते कशी.

तू सुरुवात कांद्यानं करतेस. दातानं नाही, बुक्कीनं फोडलेला हवा. भाकरीचा वरचा पापुद्रा काढून बाजूला ठेवतेस आणि शेवटी दह्याबरोबर खातेस. आमटी चांगली झाली असेल तर काही बोलत नाहीस, बिघडली असेल तर "चांगली झाली" म्हणतेस, कारण ती मी केलेली असते. आवडता घास घेतलास की डाव्या हाताची बोटं मांडीवर हलतात. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी म्हणालो असतो, असेल. बघितलं म्हणून माहीत झालं.

आणि तू बोलायचीस. डॉक्टरांनी खाताना बोलू नका सांगितलं होतं, हवा जाते, ठसका लागतो. मी आठवण करून द्यायचो. मग एकदा पन्हाळ्याच्या माहेरच्या म्हशींपासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं बसलेल्या आवाजात सांगत असताना तू थांबून म्हणालीस, "गप ऱ्हाऊन लई वर्षं जेवलो की मी." त्यानंतर मी आठवण करून द्यायचं सोडलं. ठसका लागला की पाठीवर हात ठेवायचो, आणि तू गोष्ट जिथं राहिली तिथून पुढं सांगायचीस.

लग्नाला गेलो की तू आता पहिल्या पंगतीत, आईच्या शेजारी. गोड खाल्लं की तुला दरदरून घाम सुटायचा, छाती धडधडायची, म्हणून गोड बंद. पण आपल्याकडं आग्रह म्हणजे मारामारीच. एक बाई लाडू घेऊन हटूनच बसल्या, "एक तरी घे की बाई, माझा मान म्हणून." आईनं त्यांचा हात धरला. "पावणं, तिचं पोट छातीत न्हेऊन बसवलंय. तिथं लाडवाला जागा न्हाई. मला वाढा." शुगर असलेली ती म्हातारी दोन लाडू खाऊन उठली आणि तू हसून हसून ठसकलीस.

मधेच एकदा घास परत अडकायला लागला तेव्हा आपण दोघंही पांढरे पडलो होतो. जोड आकसला होता, दुर्बिणीतून फुगा घालून तो रुंद केला, आणि तू त्याच संध्याकाळी पेज प्यायलीस. परत येताना गाडीत म्हणालीस, "अजून भाकरी ऱ्हायलीया म्हणायची." मी पुढचा रस्ता बघत होतो. तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं असं नाही. पण बोलायला जागा होती.

रोग परत आला तो यकृतात. या वेळी कुणी चित्र काढलं नाही. तू सर्जनना म्हणालीस, "तुमचं काम चांगलं झालंतं, सायेब. नळी अजून चालू हाय." शेवटचे दिवस तू घरीच होतीस. दोन चमचे ताक, पण उठून बसून, आमच्याबरोबर. स्नेहल आली होती. तिनं तुला टेकून बसवलं, आई समोर, मी बाजूला. तू ताक घेतलंस आणि विचारलंस, "तुमचं झालं?" आम्ही हो म्हणालो. कुणाचंच झालं नव्हतं.

परवा नदीवर रक्षाविसर्जन झालं. तुझ्या माहेरच्यांनी ताट आणलं होतं. पुरणपोळी, भजी, भात, आमटी, पापड, सगळं शिगोशीग. ते ताट मांडलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर, हे हिला जास्त होतंय, आणि पोळी गोड आहे. मी काढायला हात पुढं केला होता. अक्कानं धरला.

मला माहीत होतं आता काय होणार. लोक मागं सरकणार, कावळ्याची वाट बघणार. तो आला नाही की एकेक जण पुढं होऊन तुला शब्द देणार. आत्तींना आम्ही बघतो, स्नेहलला काही कमी पडू देणार नाही. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, तुला माहीत आहे. पण तीन दिवस मी त्याचीच वाट बघत होतो. कारण तिथं मोठ्यानं बोलता येतं. बायकोशी चार माणसांत मनातलं बोलायची आपल्याकडं तेवढी एकच जागा आहे. मी काय म्हणायचं ते ठरवून आलो होतो. दोन वाक्यं होती.

आम्ही अजून वळलोही नव्हतो. ताटावरचा हात काढला आणि कावळा आला. एक नाही, तीन. तुझा भाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, काय ऱ्हायलं न्हाई ताईचं. मोकळी झाली." सगळ्यांना बरं वाटलं. लोक चपला घालायला लागले. कुणी म्हणालं, पुण्यवान बाई, वाट बघायला लावली नाही.

तुझं राहिलं नसेल. माझं राहिलं. म्हणून हे लिहितो.

त्या दुपारी मी तुला चुकीचं उत्तर दिलं. ऑपरेशन तुझ्यासाठी नव्हतं केलं, शालन. माझ्यासाठी केलं. बाकावर बसून 'करूया' म्हणालो तेव्हा तुला किती सोसावं लागेल हे मला माहीत होतं, मी सगळी मापं विचारून घेतली होती. पण तू नसलेलं घर मला मापता येईना, म्हणून म्हणालो.

आणि दुसरं हे. त्यानंतरची तीन वर्षं, तुझ्यासमोर बसून जेवायची, माझ्या संसारातली सगळ्यात सुखाची होती. तुझी अन्ननलिका गेली तेव्हा कुठं ती वर्षं मला मिळाली. हे सुख आहे असं तुझ्या तोंडावर कुठल्या तोंडानं सांगणार होतो? तू मोरीतून तोंड धुवून येऊन ताटावर बसायचीस आणि मला आतून आनंद व्हायचा की बसली, समोर बसली. तो मी भाकरीचे ग्रॅम मोजत लपवला.

आता कळलं तुला. यावर 'बरं' म्हणू नको. तुझ्या त्या बसलेल्या आवाजात का होईना, भांड माझ्याशी.